शेंडी, मिशी आणि बिनपाण्याची हजामत

ज्याने स्वतः कधी शेंडी राखली नाही, आणि बहुधा ज्याच्या आजोबांनीही राखली नव्हती, असा महाविद्यालयात शिकणारा मुलगासुद्धा मित्राने उसने पैसे बुडवले की ‘त्याने मला शेंडी लावली’ असेच म्हणतो. त्या वाक्प्रचाराचा अर्थ त्याला पक्का ठाऊक असतो. फसवणुकीचा आणि शेंडीचा संबंध काय, हे मात्र त्याला सांगता येत नाही. मराठीत केसांवरून आलेल्या बऱ्याच वाक्प्रचारांची हीच अवस्था आहे. ज्या केशरचना, जी हत्यारे आणि जो सामाजिक धाक यांतून ते जन्मले, ते सारे मागे पडले, आणि शब्द तेवढे वापरात राहिले. त्यामुळे कोशात दिलेला अर्थ वाचून हे वाक्प्रचार पुरते उलगडत नाहीत. शरीरावरचा नेमका कोणता केस आणि तो या क्षणी कोणाच्या हातात सापडला आहे, हे पाहिले की मग त्यांतले बरेचसे आपोआप उकलतात.

सुरुवात शेंडीपासूनच करू. पूर्वी डोक्याचा बराचसा भाग वस्तऱ्याने साफ करून वर केसांचे एक वर्तुळ राखण्याची पद्धत होती. त्या वर्तुळाला घेरा म्हणत आणि त्यातून मागे लोंबणाऱ्या लांब केसांना शेंडी. हा शब्द ‘शेंडा’ या शब्दाचा सख्खा नातेवाईक आहे. झाडाचा शेंडा, नारळाची शेंडी, घरातले सर्वांत धाकटे अपत्य म्हणजे शेंडेफळ, असा त्याचा गोतावळा पाहिला की शेंडी म्हणजे माणसाच्या शरीराचे सर्वांत वरचे टोक, ही कल्पना स्पष्ट होते. ‘नखशिखांत भिजलो’ असे आपण म्हणतो तेव्हाही पायाच्या नखापासून शिखेपर्यंत, म्हणजेच शेंडीपर्यंत, मोजणी केलेली असते. डोक्यावर शिखा असो वा नसो.

सर्वांत वरचे टोक दुसऱ्याच्या मुठीत गेले की खालचे सगळे शरीर त्याच्या इच्छेने हलते. ‘त्याची शेंडी माझ्या हातात आहे’ या वाक्यातला दरारा तिथून आलेला आहे, आणि ज्याला हे वाक्य उद्देशून असते त्याचे एखादे गुपित, कर्ज किंवा चूक बोलणाऱ्याला ठाऊक असते. याउलट स्वतःच स्वतःच्या शेंडीला गाठ मारणे म्हणजे निश्चय करणे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातल्या चाणक्याची मोकळी शिखा प्रसिद्धच आहे. नंदांच्या नाशाची प्रतिज्ञा आणि ती शिखा यांचे नाते आपल्याकडे शाळकरी मुलांनाही गोष्टीतून कळत असे. निश्चयाचीच पण अधिक हातघाईची म्हण म्हणजे ‘शेंडी तुटो की पारंबी तुटो’. वडाच्या पारंबीला शेंडी बांधून कोणी लोंबकळला, तर दोहोंपैकी एक तुटणारच, आणि तुटले काय याची पर्वा लोंबकळणाऱ्याने सोडून दिली आहे, असे ते चित्र आहे. ‘करू किंवा मरू’ या शब्दांत जो गंभीर आवेश आहे तो या म्हणीत नाही. तिच्यात थोडा वेडेपणा मिसळलेला आहे, आणि मला तीच तिची खरी चव वाटते.

आता ‘शेंडी लावणे’. फसवणुकीसाठी मराठीत ‘टोपी घालणे’ आणि ‘चुना लावणे’ असेही म्हणतात. तिन्हींत एक गोष्ट समान आहे: फसवणारा माणूस दुसऱ्याच्या अंगावर काहीतरी चढवतो आणि तो दुसरा गप्प उभा राहतो. शेंडी ही राखायची वस्तू आहे, ती आतून उगवते. दुसऱ्याने आणून चिकटवलेली शेंडी खोटीच असणार आणि ती डोक्याच्या मागे असल्यामुळे ज्याला लावली त्याला ती सर्वांत शेवटी दिसणार. वाक्प्रचार याच विचाराने घडला असा माझा दावा नाही, पण तो मनात कसा बसतो हे समजायला एवढे पुरेसे आहे.

शेंडीचे वजन केवळ बोलण्यापुरते नव्हते, याचा कठोर पुरावा गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज सत्तेने तेथील हिंदूंवर १७०४ मध्ये जो कर लादला तो शेंडी कर याच नावाने ओळखला जातो, आणि तो रद्द व्हायला १८४० साल उजाडले. डोक्यावरच्या चार केसांवरून माणसाचा धर्म ओळखायचा आणि त्यावरून त्याच्याकडून पैसा वसूल करायचा, हा त्या नावाचा अर्थ. आजच्या राजकीय भाषणांत ‘शेंडी-जानवे’ ही जोडी पुरोहिती कर्मठपणाचे नाव म्हणून येते तेव्हाही तेच घडते. शरीरावरची एक खूण उचलायची आणि तिने अख्ख्या विचारसरणीकडे बोट दाखवायचे.

शेंडीत पुष्कळ केस असतात. वाक्प्रचारांचा दुसरा मोठा गट एकाच केसावर उभा आहे. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, रोज हाताळली जाणारी याहून बारीक वस्तू घरात शोधूनही फारशी सापडत नाही. म्हणून ‘केसभरही हलला नाही’ म्हणजे मुळीच हलला नाही. ‘तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही’ हे आश्वासन आणि ‘माझा केसही वाकडा करू शकणार नाहीस’ हे आव्हान, दोन्ही याच मापावर चालतात: जिथे सर्वांत क्षुल्लक भागाला इजा होणार नाही, तिथे जिवाला कुठून होणार?

या गटात ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार मात्र वेगळ्या जातीचा आहे. गळा कापायला सुरी लागते आणि सुरी दिसली की माणूस सावध होतो. केस पाहून कोणी सावध होत नाही. तो मऊ असतो, हलका असतो आणि आपल्या माणसाचा तर अंगाखांद्यावर नेहमीच पडलेला असतो. म्हणून हा वाक्प्रचार शत्रूबद्दल वापरत नाहीत. भागीदार, भाऊ, जिवलग मित्र यांनी गोड बोलून घात केला तरच तो शोभतो, आणि बातम्यांतून कोणत्याही फसवणुकीला तो चिकटवला जातो तेव्हा त्याची धार जाते. गंमत अशी की केस दिसतो तितका दुबळा नसतो. निरोगी केस तुटण्यापूर्वी सुमारे शंभर ग्रॅमचे वजन सहज पेलू शकतो. दिसायला नाजूक आणि ताणायला चिवट, हा केसाचा स्वभाव या वाक्प्रचाराने अचूक हेरला आहे.

इथे दोन शब्दांचा घोटाळा दूर केलेला बरा. ‘बालंबाल खात्री’ आणि अपघाताच्या बातमीतले ‘बालंबाल बचावले’ यांतला ‘बाल’ म्हणजे मूल नव्हे. तो हिंदीत आजही केसाला वापरला जाणारा शब्द आहे. केसन् केस तपासून पटलेली ती बालंबाल खात्री, आणि केसाएवढ्या अंतराने टळले ते बालंबाल बचावणे. याउलट ‘शब्दांचा कीस पाडणे’ यात केस असल्याचे अनेकांना वाटते, कारण त्याच अर्थाने हिंदीत केसाची साल काढतात. पण आपला कीस किसणीवरचा आहे. खोबऱ्याचा, बटाट्याचा, तसाच शब्दांचा. हिंदीतल्या चोराच्या दाढीतल्या काडीलाही मराठीने दाढीत जागा दिलेली नाही. आपल्याकडे चोराच्या मनात चांदणे असते.

वाक्प्रचारांचे सर्वांत सुपीक क्षेत्र मात्र केस नसून वस्तरा हे आहे. मराठीत एखाद्याची कडक शब्दांत खरडपट्टी काढली की ‘त्याची हजामत केली’, ‘त्याला चांगलाच भादरला’, आणि त्याहून पुढे जाऊन ‘बिनपाण्याने केली’ असे म्हणतात. यांतला प्रत्येक शब्द थोडा थांबून पाहण्याजोगा आहे.

‘हजामत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात त्याचा संबंध तुंबड्या लावून रक्त काढण्याच्या उपचाराशी होता. ते काम वस्तरा बाळगणारा कारागीरच करत असल्यामुळे शब्द रक्तावरून केसांवर घसरला. ‘भादरणे’ याची कथा अधिक मजेची आहे. संस्कृतात ‘भद्र’ म्हणजे शुभ, चांगले, आणि ‘भद्राकरण’ म्हणजे क्षौर. केस काढणे हा प्रकार दुःखाच्या प्रसंगाशीही जोडलेला असल्यामुळे त्याला मुद्दाम मंगल नाव दिले गेले असावे. त्या सोज्वळ नावाचा मराठीत येईपर्यंत ‘भादरणे’ झाला आणि आता तो इतका रांगडा आहे की शिष्ट माणूस स्वतःच्या केस कापण्याला तो वापरत नाही. मेंढरांची लोकर उतरवायला, अपमान करायला आणि चिडून ‘डोके भादरून ये एकदाचे’ म्हणायला वापरतो. शिष्टांसाठी ‘श्मश्रू’ हा जोडाक्षरांनी भरलेला शब्द वेगळा राखून ठेवला होता, तो आता जुन्या पुस्तकांतच भेटतो.

पाण्याचे कारण साधे आहे. केस पाणी शोषतो, फुगतो आणि मऊ होतो. ओला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. म्हणून वस्तरा लावण्यापूर्वी डोके किंवा गाल पाण्याने चांगला चोळून घेत. पाणी न लावता वस्तरा फिरवला तर केस ओढला जातो, कातडी सोलवटते आणि समोरच्याला हूं की चूं करता येत नाही, कारण वस्तरा गळ्याजवळ असतो. वरिष्ठाने भर सभेत एखाद्याला झापले आणि त्याला उत्तर देण्याची सोय नसली, तर त्या प्रसंगाचे याहून नेमके वर्णन मला तरी सुचत नाही.

या वाक्प्रचारात एक व्याकरणाची खुबीही दडलेली आहे. बोलताना आपण ‘त्याची बिनपाण्याने केली’ एवढेच म्हणतो. ‘हजामत’ हे नाम गाळतो, पण ‘केली’ हे क्रियापद स्त्रीलिंगीच राहते आणि गाळलेल्या नामाकडे ते मुकाट्याने निर्देश करते. हीच युक्ती शिवराळ बोलीत फार चालते. ‘काय उपटायची ती उपट’ या उद्दाम वाक्यातही नाम बोललेले नसते, क्रियापद मात्र स्त्रीलिंगी असते, आणि ऐकणाऱ्याला शरीराच्या झाकलेल्या भागावरच्या केसांचा उल्लेख अचूक कळतो. त्याच केसांसाठी सुशिक्षितांनी संस्कृतातला ‘शष्प’ हा शब्द पत्करला. त्याचा एक अर्थ कोवळे गवत असा आहे. त्यामुळे ‘मला त्यातले शष्प कळत नाही’ असे म्हणणाऱ्याला शिवी दिल्याचे समाधान मिळते आणि सभ्यतेचा आडोसाही राहतो. हा शब्द केवळ ‘काहीच नाही’ अशा अर्थाचा आहे असे समजून जे तो वडीलधाऱ्यांसमोर वापरतात, त्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

निरुद्योगी माणसाला ‘बसून काय हजामती करतोस?’ असे विचारतात, आणि ‘न्हाव्याचा उकिरडा किती उकरला तरी केसच निघणार’ ही म्हण जुन्या भानगडी उपसणाऱ्याला ऐकवतात. दोन्हींत विनोद आहे, पण तो एका कसबी व्यवसायाला हलके लेखून केलेला आहे. तेच हात जावळ काढताना लागत होते, मुंजीत लागत होते आणि घरात मृत्यू झाल्यावरही लागत होते, याची दखल म्हणींनी घेतलेली नाही.

चेहऱ्यावरच्या केसांपैकी मिशीला मराठीत प्रतिष्ठेची जागा मिळाली. वरच्या ओठावर पहिली लव आली की मिसरूड फुटले. ‘अजून मिसरूड फुटले नाही आणि मला शिकवतोस’ हे वाक्य वयाचा पुरावा ओठावरच मागते. मिशीला पीळ देणे, मिशीवर ताव मारणे ही जिंकलेल्याची लक्षणे. पैज लावताना ‘हे झाले नाही तर मिशी उतरवीन’ म्हणणारा माणूस पैशांपेक्षा मोठी वस्तू डावावर लावत असतो, निदान त्याचा तसा आविर्भाव असतो. ‘मिशीतल्या मिशीत हसणे’ हे मात्र त्या सगळ्या रुबाबातले एक लोभस अपवादाचे ठिकाण आहे. दाढीच्या वाट्याला तुलनेने कमी आले. विनवणी करताना समोरच्याची दाढी धरण्याची जुनी रीत ‘त्याच्या दाढीला हात लावला’ अशा बोलण्यात उरली, आणि ‘एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवू पाहतो विडी’ ही म्हण दुसऱ्याच्या संकटात स्वतःची सोय पाहणाऱ्यासाठी आजही ताजी आहे. एक विसंगती परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना नेहमी कोड्यात टाकते: मराठीत ‘दाढी करणे’ म्हणजे दाढी काढणे. जी करायची ती नाहीशी होते; जी ठेवायची ती राखावी किंवा वाढवावी लागते.

पुरुषांच्या केसांवरचे वाक्प्रचार पैज, पीळ, फसवणूक आणि खरडपट्टी यांभोवती फिरतात. बायकांच्या केसांकडे वळले की भाषेचा सूर बदलतो. ‘झिंज्या’ आणि ‘झिपऱ्या’ हे न विंचरलेल्या केसांचे तुच्छतादर्शक शब्द, आणि ‘झिंज्या उपटणे’ हा भांडणाचा वाक्प्रचार बहुतेक वेळा बायकांनाच उद्देशून असतो. संस्कृतात मात्र एकमेकांचे केस धरून केलेल्या मारामारीला ‘केशाकेशि’ असा सुटसुटीत शब्द आहे आणि तो काही बायकांपुरता नाही. बांधलेले केस म्हणजे शिस्त आणि मोकळे केस म्हणजे शोक, संताप किंवा अंगात येणे, ही समजूत जुनी आहे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात द्रौपदीची सुटलेली वेणी पुन्हा बांधण्याची प्रतिज्ञा भीम करतो, आणि साऱ्या सूडाचे माप त्या वेणीवर येऊन थांबते. केस वाढवून अंगात भुते आणणाऱ्यांना तुकोबांनी एका अभंगात संत मानायला साफ नकार दिला आहे.

याच गटातला ‘बोडकी’ हा शब्द सर्वांत जड आहे. ‘बोडके’ म्हणजे केस काढलेले किंवा काही न पांघरलेले डोके. ‘बोडक्या डोक्याने उन्हात जाऊ नकोस’ असे आई म्हणते, झाडे तोडलेल्या डोंगरालाही आपण बोडका म्हणतो, आणि तिथे तो शब्द निरुपद्रवी वाटतो. पण त्याचे स्त्रीलिंगी रूप शिवी झाले, कारण नवरा वारल्यावर ज्या बाईचे केस सक्तीने काढले जात तिला तो शब्द लावला जाई. तिचे घरातले नाव ‘सोवळी’, तिचे तांबडे लुगडे ‘आलवण’, आणि ज्या विधवेने केस राखले ती ‘सकेशा’. एका अन्यायाभोवती भाषेने एवढा शब्दसंग्रह उभा केला होता. या प्रथेला वस्तऱ्याच्या बाजूनेही विरोध झाला. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या व्यवसायावरून म्हणी रचल्या गेल्या, त्यांनीच हातातला वस्तरा खाली ठेवला होता.

पांढऱ्या केसांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ हे अनुभवी माणसाचे वाक्य शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. केसाचा रंग मुळाशी असलेल्या पेशी मेलॅनिन या रंगद्रव्याच्या रूपाने भरतात. त्या पेशी थकल्या की पुढे उगवणारा केस पांढरा निघतो. बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यामुळे ऊन त्याला फार तर भुरकट करते. एका रात्रीत डोके पांढरे झाल्याच्या कथा याच कारणाने खऱ्या मानता येत नाहीत. काळजीने केस पांढरे होतात या समजुतीला मात्र काही आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की तीव्र ताणामुळे रंगपेशींचा राखीव साठा संपुष्टात येऊ शकतो. टकलाचे कौतुक ‘क्वचित् खल्वाट निर्धनः’ या वचनाने केले जाते, म्हणजे टक्कल पडलेला माणूस सहसा गरीब नसतो. भर्तृहरीच्या नीतिशतकातला टकल्या मात्र उन्हातून पळत झाडाखाली येतो आणि नेमके वरचे फळ त्याच्या डोक्यावर पडते.

नव्या बोलीत केशरचनेची नावे भराभर बदलतात. कान झाकणारा बच्चन कट, शाळेतल्या शिक्षकांना आवडणारा सोल्जर कट, वाटी ठेवून कापल्यासारखा दिसणारा वाटी कट, आता मशीन मारून केलेला झिरो किंवा फेड. ‘चमनगोटा’ हा साफ डोक्याचा शब्द या सगळ्यांना पुरून उरला आहे, आणि आजीच्या काळचे गंगावन पार्लरमध्ये एक्स्टेन्शन या नावाने परत आले आहे. वाक्प्रचारांत मात्र यांतले काहीच अजून शिरलेले नाही. ‘त्याने माझा फेड केला’ म्हणून कोणी अपमान सांगत नाही. नवा विनोद घडला तो वेगळ्याच बाजूने. न्यायालयातली ‘केस’ मराठीत आली आणि स्त्रीलिंगी झाली, त्यामुळे टक्कल पडलेल्या वकिलाबद्दल ‘डोक्यावर एकही केस उरला नाही, हातात मात्र पन्नास केसेस आहेत’ असे म्हणता येऊ लागले. ‘केस गेले’ म्हटले तर तेलाची बाटली बदलावी, आणि ‘केस गेली’ म्हटले तर वकील.